दोन-चार वेळा दाबून घे

घरात आठवडाभर अबोला होता, आणि अबोल्यात जो आधी बोलला तो हरला, हे कुठल्याही नवरा-बायकोला सांगावं लागत नाही. वायरमनला हरायचं नव्हतं, पण असं किती दिवस राहणार? म्हणून त्याने शक्कल काढली. बायको उठायच्या आत तिच्या डोंगरी सायकलचे ब्रेक पॅड गुपचूप बदलून ठेवायचे. माफी मागितल्यासारखंही झालं आणि तोंडही उघडलं नाही!

चूक त्याचीच होती. पन्नाशीला टेकलेली बायको वर्षभर डोंगरातल्या सायकल शर्यतीची तयारी करत होती, आणि हा मेहुणीसमोर बोलून गेला, "येणार गं पहिली तुझी ताई. शेवटून!" जिभेला हाड नसतं ते असं. मेहुणी खो-खो हसली. बायको हसली नाही. तेव्हापासून तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

रविवारी उजाडताच त्याने अंगणात सायकल स्टँडवर चढवून दोन्ही चाकं काढली. जुने पॅड हातात आले तेव्हा तो चरकला. अस्तर पार झिजून मागची लोखंडी पट्टी दिसत होती. इतकं झिजेपर्यंत ही बोलली कशी नाही? पण बोलणार कुणाशी! त्याने प्लास्टिकच्या पट्टीने पॅड दाबणारे ब्रेकचे पिस्टन हळूच मागे रेटले, तेलकट बोट लागू न देता नवे पॅड बसवले आणि चाकं घट्ट केली. सायकल खाली उतरवली. आता एकच काम उरलं होतं. मागे रेटलेले पिस्टन पॅडला भिडेपर्यंत ब्रेक दोन-चार वेळा दाबून घ्यावा लागतो. तोवर ब्रेकचा दांडा थेट हँडलला टेकतो आणि चाक आपलं फिरतच राहतं. वायरमनला हे पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात आतली कडी वाजली. इथे सापडलो तर पडतं घेतल्यासारखं होईल, म्हणून हा शहाणा हत्यारं गोळा करून मागच्या दाराने मोरीत पळाला. ब्रेक काय, नंतरही दाबता येतील.

हाताला साबण लावताना त्याला खिडकीतून दिसलं, ती हेल्मेट घालून सायकल फाटकाकडे नेत होती. "अगं, ब्रेक दोन-चार वेळा दाबून घे," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. फाटकाशी दाबेलच की, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. फाटक सताड उघडं होतं. ती न थांबता बाहेर पडली.

मग मात्र तो साबणाच्या हातांनी ओरडत धावला, "अगं, थांब!" पण हे वरातीमागून घोडं. घरापुढे उतार होता. घाबरलेला माणूस ब्रेक गच्च धरून ठेवतो, सोडून पुन्हा दाबायचं त्याला सुचत नाही. तिलाही सुचलं नाही. वळणावरच्या भिंतीने तिला थांबवलं.

दुपारी दवाखान्यातल्या खाटेवर ती कोपरापर्यंत प्लास्टर घालून पडली होती. शर्यत गेली, हे डॉक्टरांनी सांगायचीही गरज नव्हती. वायरमन खाली मान घालून स्टुलावर बसला होता. तीच बोलली.

"अहो, ब्रेक आठवडाभर खरखरत होते. एका शब्दाने सांगितलं असतं तर तुम्ही बदलून दिले असते. मीच ताठ्यात राहिले. चूक माझीच."

आता गप्प बसणं किती सोपं होतं! तिला कधीच कळलं नसतं. पण गप्प बसून काय होतं, ते त्याच्यासमोर खाटेवर पडलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"पॅड मी सकाळीच बदललेत," तो म्हणाला. "ब्रेक दाबून घ्यायचे राहिले होते. तू निघालीस तेव्हा मी खिडकीतून बघत होतो."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तू आधी बोलावंस म्हणून."



"बोलले की मग," ती म्हणाली, आणि प्लास्टरचा हात सांभाळत तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.