चौथी चिमणी

"मान सरळ ठेव!"

डोक्याला तेल चोळता चोळता आत्या गुणगुणायची आणि तिचा आवाज तेलाबरोबर माझ्या टाळूत झिरपायचा.

चार चिमण्या गं बाई, एका डहाळीला झुलल्या,
तिघी घरट्याला आल्या, चौथीच्या वाटा भुलल्या.

"चौथी कुठं गेली, आत्या?" मी विचारायचे. वेणीला कचकन हिसका बसायचा. "मान सरळ ठेव म्हटलं ना!"

त्याच वेणीचं टोक धरून मी, केस पिकायला लागल्यावर, अभिलेखागारात जाऊन बसले. बाबा, काका आणि आत्या, एवढीच भावंडं आम्हाला ठाऊक. पण जन्मनोंदींच्या मायक्रोफिल्मवर आजोबांच्या नावाखाली आणखी एक मुलगी निघाली. सगळ्यांत धाकटी. तिचं पुढं काय झालं, एवढंच मला हवं होतं. बाबा गेले, काका गेले. सांगेल तर आत्याच, आणि तिनं तोंडाला कुलूप घातलेलं.

म्हणून मी मृत्यूच्या नोंदी धरल्या. खोलीला ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास होता. फिल्म फिरवायच्या मुठीवर आधीच्या कुणाच्या घामाचा चिकटा. गोवर, घटसर्प, विहिरीत पडून... कुणाकुणाची लेकरं डोळ्यांपुढून सरकत राहिली. आमचं तेवढं त्यांत भेटेना.

इकडे माझ्या थोरल्या भावानं तिला केव्हाच मारून टाकलं होतं.

दादानं इंटरनेटवर आमचा वंशवृक्ष उभा केला होता. घराण्याचा मेळावा तोंडावर आलेला, आणि सभागृहाच्या भिंतीभर त्या वृक्षाचा फ्लेक्स लागायचा होता. वेफर्स खाल्लेली बोटं चाटून तो त्याच बोटांनी टॅबलेटचा पडदा सरकवत होता. काचेवर तेलाचे ओघळ उमटत होते.

"ही बघ तुझी धाकटी. बालपणीच निधन."

"कुणी सांगितलं?"

"अगं, जगभरच्या नातेवाइकांच्या वृक्षांत आहे! सगळेच खोटं बोलतात का?"

मी एकेक वृक्ष उघडून पाहिला. प्रत्येकानं आधार म्हणून दादाचाच वृक्ष दिला होता. यानं मनानं ठोकून दिलं, त्यांनी उचललं, आणि आता स्वतःचंच उष्टं त्यांच्या ताटातून काढून हा मला पक्वान्न म्हणून वाढत होता. शेंड्याला एक सरदारही डकवलेला. आडनाव जुळलं, साइटनं सुचवलं, यानं 'होय' दाबलं.

"दादा, हा तर मूलबाळ न होताच गेला. इथंच लिहिलंय."

"असू दे गं. फ्लेक्सवर फेटा उठून दिसतो."

मी त्याचा टॅबलेट उचलला आणि तडक आत्याकडे गेले.

आत्या खिडकीशी दोरा ओवत बसली होती. तिच्यासमोर टॅबलेट धरून मी म्हटलं, "आज काही झालं तरी सांग. ही खरंच लहानपणीच गेली का?" उत्तराच्या आधी तिची नजर स्वतःच्या फोटोवर पडली. बाकी जिवंत माणसांच्या जागी करडे चौकोन होते, कारण साइट जिवंतांची माहिती झाकून ठेवते. आत्याचा फोटो मात्र लख्ख. खाली निधनाचं साल, हेच चालू वर्ष. त्याखाली नातेवाइकांनी साइटवरच वाहिलेल्या फुलांचा आणि मेणबत्त्यांचा खच.

मी तिथूनच दादाला फोन लावला. "आत्याला मारलंस तू?"

"अगं, जिवंत ठेवली की फोटो दिसत नाही! भिंतीवर करडं डबडं कसं दिसेल? मेळावा उरकला की करतो जिवंत."

फोन ठेवला तरी वेफर्सचा खारट, कळकट वास नाकातून जाईना.

आत्या चष्मा चढवून श्रद्धांजल्या वाचत होती. "'तुमच्या मायेला पोरके झालो.' ही कोण गं? हिनं जन्मात मला एक फोन केला नाही." ती खुदकन हसली. "आणि हे फूल पंख्यासारखं गरगर काय फिरतंय?" हसता हसता ती मध्येच थांबली. दोरा मांडीवरून घसरला.

"शिसारी येते मला दादाची," मी म्हटलं.

"त्याला एकट्याला कशाला बोलतेस? तुझ्या आजोबांच्या वळणावर गेलाय." तिनं पडद्यावरच्या स्वतःच्या मरणावरून बोट फिरवलं. "धाकटीला तू कुठं शोधलंस?"

"मेलेल्यांत."

"मग कशी सापडेल, पोरी?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत्या खिडकीकडेच बघत होती.

"तिला आकडी यायची. चांगली मोठी झाली होती, हाताला हात लावून मला घरकामात मदत करायची. माझं लग्न ठरत होतं. बघायला आलेल्यांसमोर ती पडली, फेस आला. दुसऱ्या दिवशी आजोबा तिला घेऊन गेले आणि एकटेच परतले. शेजारीपाजारी सांगितलं, तापानं गेली. तुझी आजी रडली. तिला खरं ठाऊक होतं, तरी रडली. मीही रडले. माणसं सांत्वनाला आली, आणि आम्ही घेतलं सांत्वन."

"आणि ती?"

"वेड्यांच्या इस्पितळात. लग्नानंतर एकदा त्या रस्त्यानं निघाले होते, नवऱ्याबरोबर. वर खिडकीच्या गजांशी ती उभी. केस पार भादरलेले, तरी ओळखली मी. तिनंही मला ओळखलं. मोठ्यानं हाक मारली, अक्का म्हणून."

आत्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला.

"मी मान सरळ ठेवली, आणि चालत राहिले."