सुशीलाबाईंना न नेलेला पट्टा

मित्रांनो, माझ्या अवताराकडे पाहून नाक मुरडू नका. आज माझे दोन तुकडे झालेत, पण एके काळी मी झिपलाइनचा पट्टा होतो. नाकाडोंगरीजवळच्या टेकडीवरून तलावापलीकडे जाणाऱ्या तारेवर मी माणसं नेत असे. कारखान्यातल्या बायकांनी मला जाड दोऱ्यानं शिवलं, वजनं टांगून माझी परीक्षा घेतली आणि मी थेट इथं आलो.

काय दिवस होते ते! शाळेची पोरं, नवी जोडपी, पेन्शनर मास्तर, सगळ्यांच्या कमरेला आणि मांड्यांना आम्ही पट्टे घट्ट बिलगायचो. निघताना देवाचा धावा करणारे पलीकडे उतरल्यावर मिशांवर ताव द्यायचे. त्यात मी सगळ्यांत मोठा, म्हणून जाडजूड मंडळी माझ्याच वाट्याला यायची. मला त्याचा भारी तोरा होता.

एका हिवाळ्यात, धानाची कापणी आटोपल्यावर, खालच्या गावातल्या सुशीलाबाई नातीला घेऊन आल्या. नात शुभांगी भुर्रकन पलीकडे गेली आणि तिथूनच आजीला हाका मारू लागली. सुशीलाबाईंचा जन्म तलावाखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, वाकून रोवणी करण्यात गेलेला. ते सगळं एकदा वरून बघायचं, एवढीच त्यांची हौस होती.

पट्टे बांधणारा अंकुश म्हणाला, "आजी, साडीवर पट्टा नाही बसत."

"काहून नाही बसत?" असं म्हणत त्यांनी रोवणीला मारतात तसा झटक्यात काष्टा मारला. "आता बांध."

अंकुश हसला. सुशीलाबाई अंगानं भरलेल्या, मी त्यांना अगदी मापात बसलो. मग नेहमीप्रमाणे त्यानं माझ्या शिवणीवरून बोटं फिरवली आणि त्याचा हात थांबला. मांडीजवळची शिवण उसवली होती.

"नाही आजी. हा पट्टा कामातून गेला."

"एक डाव जाऊ दे नं बाबू. नात वाट पाहून राहिली."

"म्हणूनच नाही म्हणून राहिलो."

सुशीलाबाईंचे डोळे भरून आले. मलाही राग आला. आजवर मी कुणाला पाडलं होतं का? दोन-चार टाके गेले म्हणून एवढा अपमान!

अंकुशनं दाद दिली नाही. बड्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला नवा पट्टा त्यानं कपाटातून काढला, प्लास्टिक टरकावलं, शिवण न् शिवण तपासली आणि त्यांना बांधला. सुशीलाबाई निघाल्या त्या हसतच. तलावावरचे बगळे उडाले.

"शुभांगे, आपली बांधी दिसली वं," त्या अर्ध्यातूनच ओरडल्या.

मी रुसून बसलो होतो. पण पलीकडे नातीनं आजीला मिठी मारलेली पाहिली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. माझे टाके मधोमध सुटले असते तर?

चुकून कुणी वापरू नये म्हणून अंकुशनं मला विळ्यानं कापलं. एक तुकडा सुशीलाबाईंनी मागून नेला. आता मी त्यांच्या शेळीच्या गळ्यात असतो. ती माणसांपेक्षा जास्त ओढते, पण जमिनीवर असते, त्यामुळे काळजी नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण जिच्यावर कुणाचा जीव टांगलेला असतो, तिची शिवण रोज बघा. उसवलेली दिसली तर आमची भीड धरू नका, खुशाल कापा. आम्ही रुसू, पण आमची समजूत शेळीसुद्धा काढते. माणूस तेवढा पलीकडे पोहोचला पाहिजे.