पत्र्याखालची हवा

“खालून कळायचं न्हाय शेठ, वर या,” शेवंता शिडीजवळून म्हणाली.

गुलाम हुसेन शेठ थबकले. भिवंडीतल्या त्यांच्या लूमच्या कारखान्यावर पत्र्याला लागून एक माळा होता. तिथे बायका कापडाच्या घड्या घालत. त्यांच्यात शेवंता सगळ्यांत जुनी. गुडघे दुखायला लागल्यापासून शेठ वर चढले नव्हते. पण आदल्या दुपारी रंगूबाई घडी घालता घालता कोसळली. दवाखान्यात ती शुद्धीवर आली, तेव्हा शेवंताने शेठना सांगून टाकलं होतं, “पत्र्यातनं हवेला वाट केल्याबिगर आम्ही वर चढणार न्हाय.”

शेठ हळूहळू वर आले. मागून हरेश, पत्र्याची कामं करणारा फिटर. थोड्याच वेळात शेठचा सदरा पाठीला चिकटला.

“या अल्लाह! तुम्ही दिवसभर बसता इथे?”

“बसतोच की, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून,” शेवंता म्हणाली.

हरेशने विजेचा एक्झॉस्ट पंखा सुचवला.

“आन लाइट गेली मंग?” शेवंता म्हणाली. “नुसता उन्हाळा धरू नको भाऊ. पावसाळ्यात कापडाला बुरशी येते. थंडीत कापडाची रुई उडून खोकला थांबत न्हाय. हवा बारा महिने खेळाया पायजे.”

“मग पत्र्यावर बिनविजेचा फिरता घुमट बसवू,” हरेश म्हणाला. “वाऱ्यावर फिरतो, वारा पडला तरी आतल्या गरमीवर फिरतो. पाती वळलेली असतात, पाऊस आत येत नाही. पण भिंतीत खाली जाळ्या पाडाव्या लागतील, चाचा. आत हवा आली नाही तर बाहेर जाणार काय?”

“पाड,” शेठ म्हणाले. “तोवर घड्या खाली, माझ्या ऑफिसात.”

काम झालं त्या दिवशी बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. बायका माना वर करून उभ्या राहिल्या. पत्र्यावरून हरेशने पात्यांना बांधलेली दोरी सोडली. घुमट क्षणभर तसाच राहिला. मग अगदी सावकाश फिरू लागला.

“कोन फिरवतं रं त्याला?” शेवंताने वर तोंड करून हरेशला विचारलं.

“कोणी नाही, मावशी. माळ्यातली गरमीच वर जाताना ढकलते त्याला.”

शेवंता बघतच राहिली. जिने इतकी वर्षं घसा सुकवला, डोळ्यांपुढे अंधारी आणली, ती गरमी निमूट वर चालली होती, आणि जाता जाता एवढा मोठा घुमट फिरवत होती. कोपऱ्यातली रुई उठली. उन्हाच्या तिरिपेत तरंगत, गोल फिरत वर गेली आणि पात्यांतून बाहेर आभाळात नाहीशी झाली. जाळीतून आत येणारी हवा शेवंताच्या पावलांना लागली. खाली लूम खडखडत होते. शिडीवर उभे असलेले शेठही टोपी हातात घेऊन वरच बघत होते.

शेवंताने डोक्याला गुंडाळलेला ओला टॉवेल सोडला, पिळला, आणि खिळ्यावर नीट पसरून वाळत घातला.