मुकादमाच्या तक्रारी

धाकट्याने कुत्र्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उचललं आणि वजनकाट्यावर ठेवलं. कुत्रा उतरला. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरला. तिसऱ्या खेपेला धाकट्याच्या शर्टाची बाही कुत्र्याच्या नखात अडकून टर्रकन फाटली.

"मुकादम, बसा," बाकावरून अप्पा म्हणाले.

कुत्रा काट्यावर बसला.

डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, मग कुत्र्याकडे बघितलं आणि शेवटी धाकट्याकडे.

"जेवत नाही म्हणालात ना?"

"अन्नाला तोंडच लावत नाही म्हणे."

"म्हणे?"

"वडील म्हणतात. तो त्यांच्याकडे असतो."

"मागच्यापेक्षा वजन वाढलंय याचं. चांगलंच वाढलंय."

धाकट्याने अप्पांकडे वळून बघितलं. अप्पा भिंतीवरचं कुत्र्याच्या दातांचं चित्र बघत होते. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात एखादं चित्र बघितलं नसेल.

"हवा खाऊन वाढला असेल," धाकटा म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कुत्र्याचे डोळे, हिरड्या, पोट तपासलं आणि खायला जरा कमी द्या एवढंच सांगितलं. जेवत नाही म्हणून आणलेल्या कुत्र्याला कमी खायला द्यायचा सल्ला घेऊन तिघं बाहेर आले.

आधी पाय झाला होता. मुकादम लंगडतोय, असा फोन आला म्हणून धाकटा हातातलं काम टाकून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर मुकादम अंगणात कावळ्याच्या मागे चौखूर उधळत होता. मग कान. मग खोकला, जो फक्त अप्पांना ऐकू यायचा. मग रात्रीचं रडणं. दर वेळी अप्पांचा आवाज तोच, कोरडा, कामापुरता. "मुकादमाचं काही खरं दिसत नाही. बघून जा." दर वेळी दवाखाना, आणि दर वेळी कुत्रा ठणठणीत. हे नाव अप्पांनीच ठेवलं होतं. स्वतः काडीचं काम करायचं नाही, पण समोर बसून दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवायची, म्हणून मुकादम.

गाडीत अप्पा मागे बसले. कुत्र्याने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली. धाकट्याने गाडी सुरू केली आणि तेवढ्यात संपादकबाईंचा फोन आला. धाकटा मुलांच्या मासिकासाठी गोष्टी लिहायचा आणि या महिन्याची गोष्ट अजून अडकली होती. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"दीपगृहवाला अजून एकटाच आहे हो," बाई म्हणाल्या.

"दीपगृहात एकटाच असतो माणूस."

"पहिल्या पानावर असू दे. दुसऱ्यावर काहीतरी आणा. सील आणा. नाहीतर तो मोठा पक्षी, पायाला दुखापत झालेला."

"मागच्या अंकात कोल्ह्याच्या पायाला दुखापत झाली होती."

"मग पंखाला करा."

"बाई, त्याच्याकडे कुणीतरी माणूस आलेला चालणार नाही का? भाजीची होडी घेऊन येणारा, कुणीही?"

"माणूस आला की प्रश्न येतात. कोण, कुठला, आजवर का नाही आला? प्राण्याला कुणी विचारत नाही. मुलांना प्राणी हवा असतो आणि तुम्हाला ते माहीत आहे. संध्याकाळपर्यंत द्या."

फोन ठेवल्यावर धाकट्याने सिग्नलला उगाचच हॉर्न वाजवला. दिवा लाल होता.

"वीस वर्षं हेच," तो म्हणाला. कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. "म्हातारी एकटी आहे, द्या मांजर. पोर अनाथ आहे, द्या हरीण. राजकन्येला डांबून ठेवलंय, पाठवा पोपट. गावात एवढी माणसं असतात, एक जण जाऊन दार वाजवत नाही. सगळे मिळून जनावर पुढे करतात आणि वर त्याला बोलायलाही लावतात. मग वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. निर्लज्जपणा आहे हा. आणि ते हरीण कधी घरात घाण करत नाही. पोपटाला कधी जुलाब होत नाहीत."

मागच्या सीटवरून अप्पा जरा पुढे वाकले.

"मग माणसं येतच नाहीत गोष्टीत?" अप्पांनी विचारलं.

"येतात. शेवटच्या पानावर."

"कशी येतात?"

"कशी म्हणजे? प्राणीच घेऊन येतो. जातो, भुंकतो, सदरा ओढतो. मग येतात."

"हं," अप्पा म्हणाले आणि कुत्र्याच्या कानामागे खाजवत खिडकीबाहेर बघू लागले.

घराशी पोचेपर्यंत ताईचाही फोन येऊन गेला. ती परगावी असायची आणि अप्पांची काळजी फोनवरून करायची, धाकट्याला झापून.

"काय झालंय त्याला?"

"जाडा झालाय."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, या वयात त्यांच्या गळ्यात कुत्रं बांधू नकोस. गोष्टी लिहून लिहून तुझं डोकंच तसं झालंय. आता तू आणलंस, तू निस्तर."

"निस्तरतोच आज," धाकटा म्हणाला.

त्याने ठरवलंच होतं. अप्पांचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. आई गेल्यापासून त्यात फारसं काही हललं नव्हतं. तिच्या खुर्चीवर आता कुत्र्याची गोधडी होती, एवढंच. धाकटा दारातच उभा राहिला.

"अप्पा, मी याला परत कुत्र्यांच्या निवाऱ्यात देऊन येतो. तिथे घेतात परत. तुम्हाला त्रास, मला त्रास. माझी गोष्ट अडकली आहे, मागच्या महिन्यातली अशीच उशिरा गेली. असा अर्धा अर्धा दिवस गेला तर ते काम दुसऱ्या कुणाला देतील."

त्याला वाटलं होतं, अप्पा चिडतील. निदान कुत्र्याला जवळ ओढतील. तशी वाक्यंही त्याने गाडीत जुळवून ठेवली होती.

"बरं," अप्पा म्हणाले.

त्यांनी खुर्चीवरची गोधडी उचलली, दारात नेऊन झटकली, चौघडी घातली. पितळेचं भांडं घासून पुसलं. साखळीचा गुंता सोडवला. हातातली कामं त्यांची अजून तशीच होती, घाई नाही, एक हालचाल फुकट नाही. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. सगळं एका पिशवीत भरून त्यांनी पिशवी धाकट्याच्या पायाशी ठेवली. मुकादम पिशवीशेजारी बसून दोघांवर देखरेख करू लागला.

या शांतपणाने धाकटा आणखी भडकला.

"तुम्हाला काहीच वाटत नाही? इतके दिवस सांभाळलंत त्याला."

"गुणी आहे. कुणाकडेही राहील."

"गुणी आहे? मग लंगडत काय होता, खोकत काय होता? आज तर जेवत नव्हता. अप्पा, त्या डॉक्टरीणबाईंसमोर मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तुम्ही खोटं का बोलता?"

अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"एका इमारतीत एक बाई होत्या," ते म्हणाले. "पाचव्या मजल्यावर. त्यांची लिफ्ट सारखी बिघडायची. तक्रार आली की मला पाठवायचे. जाऊन बघावं तर काही झालेलं नसायचं."

"मग?"

"मग काय? झाकण उघडायचो, दोन आटे सैल करायचो, तेच पुन्हा आवळायचो. त्या चहा करायच्या. प्यायचो आणि निघायचो."

"तुम्ही सांगायचं ना त्यांना, की लिफ्टला काही झालेलं नाही."

"त्यांना माहीत होतं की."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"आमच्या कामात असंच असायचं," अप्पा म्हणाले. "चालत्या लिफ्टकडे माणूस जात नाही. तक्रार लागते. आता हा गेल्यावर कशाची करायची, तेवढं सांगून जा. नळाची चालेल का? नळ तसा बरा आहे, पण गळतो म्हणता येईल."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. अप्पा खरंच विचारत होते. नळाकडे बघूनही घेतलं त्यांनी.

"अप्पा, कमाल करता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नको तेवढा चढला. "साधं 'ये' म्हणता येत नाही का तुम्हाला? मी काय परका आहे? एका शब्दाचं काम. त्यासाठी या मुक्या जनावराच्या नावाने रडगाणं कशाला?"

"म्हटलं होतं."

"कधी?"

"तुझी आई गेल्यावर. पावसाळा संपता संपता. म्हटलं, येऊन राहा चार दिवस." अप्पा खाली वाकले आणि पिशवीतून डोकावणारं साखळीचं टोक त्यांनी नीट आत सारलं. "तू कुत्रा आणलास."

धाकट्याला तो फोन आठवला. लिहिताना आला होता. 'बघतो' असं तो म्हणाला होता, आणि खरंच बघितलं होतं त्याने, त्याच दुपारी, निवाऱ्यातल्या कुत्र्यांचे फोटो, बराच वेळ. शांत स्वभावाचा निवडला होता. पोचवून, अप्पांच्या हातात साखळी देऊन, गाडी वळवताना त्याला इतकं हलकं वाटलं होतं की त्याने वाटेत आइस्क्रीम खाल्लं होतं.

बाहेरची स्कूटर एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. खिशात फोन थरथरला. संपादकबाई असणार. तो थरथरून थांबला, पुन्हा थरथरला.

धाकटा चौकटीला टेकून एका पायावर उभा राहिला आणि बुटाची नाडी सोडू लागला. गाठ आवळून बसली होती. त्याने ओढली तशी ती आणखी घट्ट झाली. तो नखाने कुरतडत राहिला, तोल गेला, भिंत धरली, आणि कुत्र्यापासून संपादकबाईंपर्यंत सगळ्यांना तोंडातल्या तोंडात शिव्या घातल्या.

अप्पा थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी आईची खुर्ची ओढून त्याच्या मागे ठेवली.

"बस आधी," ते म्हणाले. "घाईने नाही सुटायची ती."