पालथी कळशी

माझी सून दर्शना हल्ली माझ्याशी भांडत नाही. हे तिचं वागणं मला अजिबात पसंत नाही. आमटी खारट झाली म्हटलं, "हो आई." उशीर का झाला म्हटलं, "ड्युटी होती आई." विचारलं तेवढंच उत्तर, तेही खाली बघून. पाच वर्षांपूर्वी पालीहून लग्न होऊन आली तेव्हा मी तिला जीभ आवरायला शिकवत होते आणि ती मलाच सुनावत होती. तेव्हा घर जागं असायचं. आता भिंतीशी बोलल्यासारखं होतं. माझा यज्ञेश म्हणतो, तुम्ही दोघी बघा. त्याचं नेहमीचंच.

दर्शना ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स आहे. कॅज्युल्टीत असते, म्हणजे पडलेलं, कापलेलं, फुरसं चावलेलं माणूस आधी जिथे आणतात तिथे. सुनेने नोकरी करावी हे मला रुचत नव्हतं. पण पांढरे कपडे घालून ती पाणंदीतून निघाली की बायका बाजूला व्हायच्या, ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

दोन हजार दोन साली दिवाळीनंतर तिने दवाखान्याला एक कागद लिहून दिला. ऑक्सिजनचे भरलेले आणि रिकामे सिलिंडर एकाच कोपऱ्यात उभे असतात, वरून कळत नाहीत. रिकाम्याला लाल चिंधी बांधायचा नियम करा. एवढंच. ती स्वतः माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या नेऊन बांधत होती, पण इतर कुणी बांधत नव्हतं, आणि हिने बांधलेल्या कुणीतरी काढून टाकत होतं. ऑफिसने कागदावर शिक्का मारला आणि ठेवून घेतला.

चौथ्या दिवशी उमा आमच्या दारात. उमा माझ्या मावसबहिणीची मुलगी. तिचे यजमान तिथले मोठे डॉक्टर, आणि दर्शनाला नोकरी लावली ती त्यांनीच.

"मावशी, शिक्क्याचा कागद ट्रस्टींपुढे जातो," उमा म्हणाली. "ह्यांना सगळ्यांसमोर मान खाली घालायला लागेल. आणि ती कुणामुळे, तर आपल्याच घरच्या मुलीमुळे."

मला ते नेमकं झोंबलं. संध्याकाळी दर्शनाने अजून चप्पल काढली नव्हती, तोवर तिला ओटीवर गाठलं.

"कागदं कसली लिहितेस? तोंडी सांगायचं होतंस."

"तीनदा सांगितलं, आई. हसले."

"मग चौथ्यांदा सांगायचं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच तोंडाला काळं फासतात काय गो?"

"आपल्या घरी रिकामी कळशी पालथी घालायची रीत आहे. का? तर तहानलेल्याने कळशी हलवत बसू नये. ही रीत मला तुम्हीच शिकवलीत. मी तिथे वेगळं काय मागतेय?"

"कळशी माझ्या मोरीतली. दवाखाना तुझ्या बापाचा नव्हे."

दुसऱ्या दिवशी फणसपोळी बांधून घेतली आणि उमाच्या घरी गेले. डॉक्टरांनी फाइलमधून कागद काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही आलात म्हणून हो, मावशी," म्हणाले. मी ताठ मानेने घरी आले. दर्शनाला सांगितलं, कागद बंबात घातला. आणि देवासमोर उभी करून वदवून घेतलं, की पुन्हा चिंध्याबिंध्या काही नाही, आपलं काम करायचं नि घरी यायचं. तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "हो आई." ते पहिलं.

कागद मी जाळला नव्हता. तिसरीत शाळा सुटली माझी, पण लिहिलेल्याला आग लावू नये एवढं त्या तीन यत्तांतच शिकले. पोथीच्या फडक्यात घडी करून ठेवला होता.

पुढे मोहोराचे दिवस आले. मोहोर फुटला की शेजारच्या येसूबाईचा दमा उठायचा. चाळीस वर्षं माझ्या पापडांना तिचे हात आणि तिच्या पापडांना माझे. त्या दिवशी जेवणं आटोपली आणि तिची सून धावत आली. मी येसूला रिक्षात घातलं आणि तिच्या पाठीला हात लावून बसले. श्वास पुरत नव्हता तरी बोलायची खोड जात नव्हती.

"वैनी," म्हणते, "तुमची सून हाय ना तिथं. मग... मला काय धाड भरलीय."

दोन वाजले होते. दर्शना नुकतीच ड्युटीवर येऊन वहीत सही करत होती. येसूला बघून तिने पेन टाकलं. जवळच्या सिलिंडरला पाना लावला, फिरवला. काटा हलला नाही. दुसऱ्याला लावला. जरा फुसफुसला आणि गप्प झाला. तिने वॉर्डबॉय काशीरामला हाक मारली आणि वरच्या वॉर्डातला आणायला पिटाळलं. मी येसूला धरून मनात रामरक्षा सुरू केली. ती निम्मी झाली तेव्हा कुठे काशीराम तिसरा सिलिंडर ढकलत आला. तोवर येसूची नखं निळी पडली होती. दर्शना तिच्या छातीशी वाकून "येसूकाकू, माझ्याकडे बघा" म्हणत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

येसू संध्याकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. असेल. पण ती निम्मी रामरक्षा मी म्हटली आहे, डॉक्टरांनी नाही. त्या दोन रिकाम्यांना चिंधी असती तर दर्शनाने त्यांना हात लावला नसता.

तेरावं झालं. नंतरच्या गुरुवारी दर्शना ओटीवर काहीतरी लिहीत बसलेली दिसली.

"काय लिहितेस?"

"उत्तर."

"कसलं?"

"नोटिशीचं."

"वाच."

तिने वाचलं. ड्युटीवर येताच सिलिंडर तपासण्यात हयगय केली, शनिवारपर्यंत खुलासा द्यावा, नाहीतर कामावरून काढू. भाजीची यादी वाचावी तसं वाचलं.

"अगो, मग तू आधीच लिहून दिलं होतंस ते सांग की."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "कशावरून सांगू? आवक वहीतली ओळ खोडलीय. आणि कागद बंबात गेला."

आवाजात राग नव्हता. ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि सुटले असते. मी उठले, देवघरात गेले, पोथी सोडली. कागद आणून तिच्या पुढ्यात ठेवला. तिने शिक्का पाहिला, शिक्क्यातली तारीख पाहिली, मग मला पाहिलं.

"तुम्ही तर म्हणाला होतात..."

"खोटं बोलले."

"आई, हा दाखवला तर विचारतील, परत कुणी नेला म्हणून."

"माझं नाव सांगायचं. तुला जड जात असेल तर शनिवारी मीच येते. फणसपोळी घेऊन जाताना रस्ता बरा सापडला होता मला, आताही सापडेल."

"उमाताई जन्मात बोलायच्या नाहीत तुमच्याशी. आणि गावात काय काय म्हणतील."

"म्हणू देत. येसूची सून रोज दारावरून जाते. ती काहीच म्हणत नाही. त्याहून वाईट कोण काय म्हणणार?"

दर्शना कागदाच्या घड्या हाताने सपाट करत राहिली. तिचे डोळे भरले होते. "माझंच चुकलं, आई. तुम्हाला वचन दिलं तरी चिंध्या बांधायला हव्या होत्या. ड्युटी संपल्यावर, कुणाला न सांगता..."

मी तिच्यासमोर बसले. गुडघे दुखतात म्हणून मी खाली बसत नाही, पण बसले.

"पाच वर्षं माझं ऐकत नव्हतीस, तेव्हा शहाणी होतीस," मी तिला म्हटलं. "एकदाच ऐकलंस. तेवढं तुझं चुकलं, दर्शना. बाकीचं सगळं माझं."