पाठीमागचं माणूस

बटाटा सोलता सोलता आईने मान वळवली, तर काडी पुन्हा तिथेच. दारात नाही, ओट्याला टेकूनही नाही. बरोबर तिच्या पाठीमागे, हातभर अंतर सोडून, हाताची घडी घालून उभी.

"काय हवंय?"

काडीने मान हलवली. काही नको होतं.

मग माझ्या मागे खांबासारखी काय उभी राहतेस, अभ्यास राहिला असेल तर तो कर, झाला असेल तर खेळ, पण पायात येऊ नकोस, असं बरंच काही तिने एका दमात सुनावलं. काडी हलली. तिला काडी म्हणायचे ते अंगकाठीवरून, हट्टाच्या बाबतीत ती चांगला ओंडका होती. बाहेरच्या खोलीपर्यंत गेली आणि बटाटे पातेल्यात पडायच्या आत परत येऊन उभी राहिली.

उंच खुर्चीत बसवलेला गोटू, काडीचा धाकटा भाऊ, चमच्याने खुर्ची बडवत होता. एका शेगडीवर भात होता. कपड्यांचं मशीन गचके देत फिरत होतं. काडीचा बाबा जहाजावर इंजिनियर. कुठल्या ना कुठल्या समुद्रावरून त्याचा संध्याकाळी फोन यायचा, आणि तो नेमका गोटूचं तोंड भरलेलं असताना यायचा.

ती स्वतः विमानतळावर नियंत्रक होती. पडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्यांपैकी कोणी किती उंचीवर राहायचं, कोणी कधी वळायचं, हे सांगणं तिचं काम. एकेका ठिपक्यात शेदोनशे माणसं असायची. कोणी झोपलेलं, कोणी जेवणारं, कोणी खिडकीला नाक लावून ढग बघणारं. खाली एक बाई आपल्याला नुसत्या आवाजावर सांभाळतेय, याची त्यांना गंधवार्ताही नसायची. इतकी वर्षं झाली तरी खुर्चीत बसताना तिच्या अंगावर काटा यायचा. भीतीचा नव्हे; एवढं सगळं कोणी आपल्या हाती दिलं, याचा.

तिथे तिचा आवाज नावाजलेला होता. वादळात सापडलेला वैमानिक तिचं बोलणं कानावर पडलं की निम्मा सावरतो, असं सगळे म्हणायचे. तिच्या पाळीतले वयाने मोठे सहकारी, ज्यांना ती दादा म्हणायची, ते तर म्हणत की हिचा आवाज बाटलीत भरून विकायला पाहिजे. ती हसायची. घरी पोहोचेपर्यंत बाटली रिकामी झालेली असायची, हे दादांना कुठे माहीत होतं? परक्यांना आपण सगळं चांगलं वाटून टाकतो आणि पोरांच्या वाट्याला तळाचा गाळ, असं तिला हल्ली रोज वाटायचं.

गेल्या आठवड्यात तर हद्द झाली होती. गोटूने दूध सांडलं, त्यातच फोन वाजला, आणि नेमकं तेव्हाच काडीने शाळेच्या सहलीचं विचारलं. दोघं मिळून माझा जीव घेणार आहात एक दिवस, असं ती ओरडली. शब्दांचं एक वेळ सोडा, पण तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. काडीचे खांदे वर, पार कानांपर्यंत गेले. मग ती मुकाट्याने फडकं घेऊन आली आणि दूध पुसायला बसली.

त्या दिवसापासून पोरगी अशी मागे उभी राहायला लागली होती. बोलायची नाही, विचारायची नाही, नुसती बघायची. कुत्रं चावरं आहे का, हे माणूस जसं जरा लांबून बघतं, तसं. निदान तिला तरी तसंच वाटत होतं. आपली लेक आपल्याला भ्यायला लागली, हा विचार दिवसभर कामाखाली दाबून ठेवता यायचा, पण संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवली की तो समोर हजर. दादांशी एकदा बोलली, तर ते म्हणाले, मुलं विसरतात. काडी विसरणाऱ्यातली नव्हती, आणि आईला नेमकी त्याचीच धास्ती होती.

फोन वाजला. गोटूने तोंडातला घास खुर्चीवर थुंकला. बटाट्याचं पाणी उतू जाऊन शेगडीवर चरचरलं. तिने झाकण उचललं आणि ओट्यावर आदळलं. गोटूने भोकाड पसरलं.

ती ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली. डोळे मिटले. आतून तो त्या दिवशीचा आवाज वर येत होता, आणि तो आता थांबणार नाही हे तिला कळत होतं.

"आई," मागून काडी म्हणाली, "मला चित्र कळलं. आता माझ्याकडे दे."

तिने डोळे उघडले. फोन वाजून वाजून बंद झाला.

तिच्या कामाच्या खोलीत कोणालाही एका बैठकीत फार वेळ बसू देत नसत. डोकं थकतं, आणि थकलेल्या डोक्याला आपण थकलोय हे कळत नाही. म्हणून सोडवायला दुसरं माणूस यायचं. ते आलं की लगेच खुर्ची घ्यायचं नाही. बसलेल्याच्या मागे हाताची घडी घालून गुपचूप उभं राहायचं. कोण कुठून येतंय, कोण कुणाच्या वाटेत आहे, कुणाचा धीर सुटत चाललाय, असं ते सगळं आभाळ डोक्यात भरेपर्यंत नुसतं बघायचं. मग म्हणायचं, चित्र कळलं, आता माझ्याकडे दे. तेव्हा कुठे बसलेला उठायचा.

वर्षातून एकदा घरच्या माणसांना ती खोली जाड काचेपलीकडून दाखवत. यंदा काडी गेली तेव्हा बाकीची पोरं धावपट्टीकडच्या खिडकीला चिकटली होती. काडीने परतताना एवढंच विचारलं होतं, की तो काका तुझ्या मागे नुसता का उभा होता. पेंगत पेंगत आईने ते सांगितलं होतं, आणि सांगून विसरूनही गेली होती.

"म्हणून तू... एवढे दिवस?"

"मागे उभं असताना बोलायचं नसतं ना," काडी म्हणाली. "आणि तू रोज हाकलत होतीस. मग चित्र अर्धवटच राहायचं."

तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिने गोटूच्या तोंडावरून हात फिरवला, आणि नव्याने शिकायला आलेल्यांना विचारायची तसं विचारलं, "बरं. सांग चित्र."

काडीने घसा खाकरला. भात झालाय. बटाटे अजून टणक आहेत. मशीन थांबलं की कपडे लगेच काढायचे, नाहीतर वास येतो. बाबाचा फोन आला तर घ्यायचा, पण गोटूला दाखवायचा नाही, कारण मग तो जेवत नाही. गोटू थुंकला म्हणजे पोट भरलं असं नाही, त्याला पाणी हवं असतं. हे शेवटचं तर आईलाही ठाऊक नव्हतं.

"आणि तू झाकण आपटतेस ना," काडी त्याच सुरात म्हणाली, "गोटू त्याच्यानंतर रडतो. आधी नाही."

त्यात तक्रार नव्हती. पडद्यावर जे दिसलं ते तिने सांगितलं होतं. गोटू रडतो म्हणून आपला तोल जातो, असं आई इतके महिने धरून चालली होती. ती लेकीकडे बघत राहिली. एवढ्याशा डोक्यात हे सगळं घर मावलं होतं, आणि त्यात तिला स्वतःलाही जागा होती.

"पडद्यावर दिसत नाही असं काही?" काडीने विचारलं.

हा खुर्ची घेताना विचारायचा शेवटचा प्रश्न. आपण हाही सांगितला होता तर. कामावर त्याचं उत्तर सोपं असायचं: वारा फिरतोय, अमुक वैमानिक नवखा आहे. इथे तिला शब्द जुळवावे लागले.

"मी फार दमलेय," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्यावर ओरडले, त्याचं अजून वाईट वाटतंय. आणि तू मला घाबरतेस असं वाटत होतं."

काडीने समजूत घातली नाही की मिठी मारली नाही. सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं, तसं तिने म्हणून दाखवलं.

"तू फार दमलीयस. त्या दिवशी ओरडलीस, त्याचं अजून वाईट वाटतंय. मी तुला घाबरते असं वाटत होतं."

रोज कितीतरी वैमानिक तिचं वाक्य तिला परत ऐकवायचे. एखादा शब्द चुकला तर ती दुरुस्त करायची. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. आपलं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून, एकही शब्द न गाळता, न फुगवता ऐकायला मिळणं म्हणजे काय असतं, हे तिला आज कळत होतं.

"बरोबर," ती म्हणाली.

"मग माझ्याकडे. तू जा. पण गॅस बंद करून जा, गॅसला मी हात लावत नाही."

तिने गॅस बंद केला. सुटका झालेल्या माणसाने त्या खोलीत रेंगाळायचं नसतं, हा नियम तिचाच, आणि घरात जायला दुसरी जागा तिला सुचेना. ती बाहेर जिन्यावर आली. दार नुसतं लोटून घेतलं आणि पायरीवर बसली. एवढ्या पोरीवर आपण काय टाकून आलो, असं मनात आलंच. थोडा वेळ, तिने स्वतःला बजावलं, थोडाच वेळ. पाठ भिंतीला टेकल्यावर लक्षात आलं की खांदे दिवसभर वरच होते.

आत गोटू पुन्हा रडायला लागला. ती चटकन उठली. हात दारावर गेला.

"ऐकतेय मी," आतून आवाज आला. "ऐकतेय. घाई नाही. आधी पाणी, मग बाकीचं सगळं. मी इथेच आहे."

रडणं एकदम थांबलं नाही. हळूहळू खाली आलं, अडखळलं, मग पाणी पिण्याचा आवाज आला.

दारावरचा हात तिथेच राहिला. तो सूर तिच्या चांगलाच ओळखीचा होता. शब्दांमधली ती जागा, वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरवणं, वादळातल्या माणसाशी बोलायची ती सगळी रीत तिची स्वतःची होती. पोरीने उचलली, तिने मनाशी म्हटलं, ती खोली बघायला आली होती तेव्हा उचलली.

आणि मग तिला आठवलं की त्या जाड काचेपलीकडे आवाज अजिबात जात नाही. काडीने हे तिथे ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. ऐकलं असेल तर याच घरात, कधीतरी, तिच्याच तोंडून.

ती परत पायरीवर बसली आणि आतलं बोलणं ऐकत राहिली.