चिंचेखालचा शुक्रवार

कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून एक जुनी चिंच आहे. नंदुरबारात थंडी पडायला लागली की त्या चिंचेखाली बसून कोणाला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत. भिंतीपलीकडच्या मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली असते, आणि वारा फिरला की तिचा ठसका भिंत ओलांडून सरळ घशात उतरतो. प्रार्थनेसाठी रविनाने नेमकी हीच जागा निवडली होती. निवडली म्हणजे काय, तिच्या वाट्याला उरली होती. ग्रंथालयासमोरचा कट्टा एनएसएसवाल्यांचा, कॅन्टीनची बाजू क्रिकेटवाल्यांची. चिंचेखाली बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

रविना वसावे खापरच्या वरच्या डोंगरातली. पहिल्या वर्षाला आली तेव्हा होस्टेलच्या खोलीत एकटीच डोळे मिटून बसायची. पुढे खोलीतली एक मुलगी बसायला लागली, तिच्यामागून तिची बहीण, आणि आता शेवटच्या वर्षाला दर शुक्रवारी दुपारी चिंचेखाली चांगलं रिंगण धरत होतं. रविनाची रीत साधी. नवीन मुली होस्टेलला आल्या की ती आधी प्रार्थनेचं नाव काढत नसे. जेवलीस का, बादली मिळाली का, रात्री भीती वाटते का, एवढंच विचारायची. आणि चिंचेखाली जो येईल त्याला काहीतरी काम द्यायची. एकाने सतरंजी आणायची, एकाने गीत उचलायचं, एकाने बायबलमधलं वचन वाचायचं. पाहुण्यासारखं बसवून ठेवलेलं माणूस पुढच्या शुक्रवारी येत नाही, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

ढोलकी भरतकडे. भरत नवापूरकडचा, आजोबा चर्चचे पाळक, त्यामुळे देवाधर्माच्या गोष्टीत तो जरा घरच्यासारखा वागायचा.

"ताई, आमेनच्या आधी शिंक आली तर प्रार्थना पोचते का?" त्याने त्या दिवशीही विचारलं.

"तुझी शिंक आधी पोचते," रविना म्हणाली. "बस खाली."

त्या शुक्रवारी प्रार्थना करायचं काम काजलकडे होतं. काजल पहिल्या वर्षाची, रविनाच्याच डोंगरातली. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जात. पोरगी गायला पुढे, पण प्रार्थना म्हटलं की मान खाली घालायची. तिला वाटायचं, प्रार्थना पुस्तकातल्या मराठीतच करायची असते आणि तिची मराठी मधेच अडकते. आज ती सकाळपासून ओढणीचं टोक पिळत होती.

गीत सुरू व्हायच्या आत हेमकांत आला. हेमकांत मूळचा धानोऱ्याचा, शेतकरी घरचा मुलगा, कॉलेजचा विद्यार्थी प्रतिनिधी. तो रिंगणाच्या बाहेरच उभा राहिला.

"रविना, जरा बोलायचं होतं. प्राचार्य सरांकडे तक्रार गेलीय."

"कसली?"

"इथं बाहेरची माणसं येतात, पोरांना काहीबाही सांगतात, अशी. नाव नाही लिहिलं कोणी."

"बाहेरून इथं मिरचीचा ठसका येतो हेमकांतभाऊ, दुसरं कोणी नाही."

हेमकांतला हसू आलं, ते त्याने आवरलं. "ती मिरची आमचीच आहे," तो म्हणाला. "हे बघ, सरांनी माझं मत मागितलंय. तुमच्या नाताळाच्या कार्यक्रमाला हॉल द्यायचा का, आणि हे शुक्रवारचं बसणं चालू ठेवायचं का. सोमवारी सांगायचंय."

"आणि तुमचं मत काय?"

"अजून काहीच नाही. मी कधी इथं बसलोच नाही."

"मग बसा ना आता."

"आता प्रॅक्टिकल आहे." असं म्हणून तो गेला.

भरतने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. रविना मार्चमध्ये जाणार होती. आपण गेल्यावर हे रिंगण राहावं, एवढंच तिने वर्षभर देवाकडे मागितलं होतं. आता ते आपण असतानाच मोडतं की काय, असं तिला वाटलं. पण नेत्याने तोंड पाडलं की सगळ्यांचं पडतं. तिने भरतला खूण केली, गीत झालं, वचन झालं, आणि ती म्हणाली, "काजल, चल."

काजलने डोळे मिटले. तोंड उघडलं. आणि आभाळ गडगडलं.

"ताई, पाऊस," काजल म्हणाली, आणि तिच्या तोंडावरचा आनंद काही लपला नाही.

सगळ्यांनी वर पाहिलं. तापीच्या बाजूने काळंभोर आभाळ चढून आलं होतं. भिंतीपलीकडून कोणीतरी बाई ओरडत होती. रविना चिंचेच्या मुळीवर चढली आणि तिने पलीकडे पाहिलं. रानभर लाल मिरची पसरलेली, आणि एवढ्या रानात एक म्हातारा आणि त्याची बायको ताडपत्रीचं एकेक टोक धरून वाऱ्याशी झुंजत होते. मजूर त्या दिवशी लग्नाला गेलेले. रानातले ते दोघं हेमकांतचे आईबाप, उखाबापू आणि धनुबाई.

भरतही शेजारी चढला. "हेमकांतच्या बापाची मिरची," तो म्हणाला. "ताई, सोमवारचं काम झालं समज."

रविना त्याच्याकडे वळली. "त्यासाठी येणार असशील तर तू इथंच बस."

"गंमत केली गं."

"ऐका सगळे," रविना म्हणाली. "लाह आहे."

डोंगरातल्या पोरांना जास्त सांगावं लागलं नाही. तिकडे कोणाचं घर उभं करायचं असतं, कोणाचं शेत कापायचं असतं, तेव्हा सगळा पाडा हात लावतो, त्याला लाह म्हणतात. पैसे कोणी देत नाही, कोणी घेत नाही. ज्याचं काम झालं त्याने जेवायला घालायचं, आणि दुसऱ्याच्या कामाला जायचं. बस.

"सोमवारचं नाव कोणी काढायचं नाही," रविनाने बजावलं. "आणि भाषण द्यायचं नाही, प्रभूचंही नाही. फक्त हात लावायचा."

पोरं भिंतीवरून पलीकडे उतरली. पोरींनी ओढण्या नाकाला बांधल्या. कोणी फावडं घेतलं, कोणी टोपली, कोणी नुसत्या हातांनी मिरची ओढायला लागलं. रानाच्या मधोमध ढीग चढू लागले. त्या शिंका ऐकून कोणाला वाटावं, इथं शिंकायचीच शर्यत लागलीय. भरतने घाम पुसायला तोच हात डोळ्याला लावला आणि रानभर नाचायला लागला. धनुबाईने त्याला धरून खाली बसवला, डोळ्यात दुधाचे थेंब सोडले आणि स्वतः पोट धरून हसत बसली. शेवटच्या ढिगावर ताडपत्री ओढून दगड ठेवतात न ठेवतात तोच पाऊस आला. सगळी पोरं धावत पत्र्याच्या शेडमध्ये शिरली.

उखाबापूंनी टोपी झटकली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सावळी, डोंगरातली पोरं. हात लाल झालेले. बापूंनी बंडीच्या खिशात हात घातला.

"कोनता मुकादमनी टोळी शे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

काजलने खाली पाहिलं. तिच्या घरी मुकादम म्हणजे काय हे लहान मुलालाही ठाऊक होतं. तेवढ्यात भरत एक डोळा मिटून म्हणाला, "आमचा मुकादम वर राहतो, बापू."

रविनाने त्याच्याकडे डोळे वटारले. पण बापूंनी शेडच्या बाहेर डोकं काढून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग त्याले सांग, पानी आते पुरे."

पहिली हसली ती काजल. मग सगळेच.

"अहो, ह्या कालेजना पोरी शेतस," धनुबाई म्हणाली. "शुक्रवारले गाना म्हनतस त्या. तुम्हले काही समजस का?"

बापूंचं तोंड उतरलं, पण खिशातला हात बाहेर आला तो नोटा घेऊनच. "शेतस तं शेतस. मी कोनं फुकट लेत नई. हाई ल्या."

"पैसे नको बापू," रविना म्हणाली, आणि तिने लाह म्हणजे काय ते सांगितलं.

बापूंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे जेवाडनं. आनी मंग तुम्हना कामले मी येवानं."

"जेवण आत्ता चालेल. कामाचं नंतर बघू," भरत म्हणाला.

शेडच्या कोपऱ्यात कपाशीच्या काड्या रचलेल्या होत्या. धनुबाईने त्या पेटवल्या, टोपलीतली हिरवी वांगी त्यात घातली आणि परातीत पीठ मळायला घेतलं. दोन पोरी तिच्या शेजारी भाकरी थापायला बसल्या. बाहेर पाऊस, आत धूर, आणि भाजक्या वांग्याचा वास. भरीत झालं, त्यावर कांद्याची पात आणि तेल पडलं, आणि सगळ्यांच्या हातात भाकरी आली.

आणि कोणीच घास मोडेना. सगळे रविनाकडे बघत राहिले. जेवणाआधी रोज डोळे मिटायची सवय, आणि ताईने तर सांगितलेलं, इथं काही बोलायचं नाही.

"काय व्हयनं?" उखाबापूंनी विचारलं. "थांबनात काबं? शुक्रवारले डोया मिटतस ना तुम्ही. माले भिंतवरथून दिसस. करा ना."

"काजल, तुझं राहिलंय," रविना म्हणाली.

काजलच्या हातात भाकरी होती, ती परत ठेवायचीही तिला आठवण राहिली नाही. तिने डोळे मिटले आणि आईशी बोलावं तशी बोलायला लागली, आपल्या डोंगराच्या बोलीत. एकदाही अडली नाही. बापूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. प्रॅक्टिकल सोडून भिजत धावत आलेला हेमकांत दारात उभा होता.

"आमेन," सगळे म्हणाले.

"काय मांगं तिनं?" बापूंनी विचारलं. "माले 'मिरची' येवढंच समजनं."

रविनाने सांगितलं. "मिरची वाळू दे. भरतचा डोळा बरा कर. आणि ज्या बाईने ही भाकरी थापली, तिचे हात कधी दुखू देऊ नको."

"बरोबर शे," बापू म्हणाले आणि त्यांनी पहिला घास मोडला. धनुबाईने काजलच्या भाकरीवर वांग्याच्या भरताचा अजून एक गोळा ठेवला.

शनिवार-रविवार रविनाला चैन पडलं नाही. आता हेमकांत हो म्हणाला तर लोक म्हणतील मिरचीने हो म्हणवलं, आणि तिला स्वतःलाही तसंच वाटत राहील. रविवारी उपासनेत तिने देवाला सरळ सांगितलं, हॉल मिळो न मिळो, पण केलेल्या कामाची फेड मागितल्यासारखं होऊ देऊ नको. सोमवारी सकाळी तिने हेमकांतला ऑफिसबाहेर गाठलं.

"हेमकांतभाऊ, शुक्रवारचं मनात धरू नका. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. आम्ही राग धरणार नाही."

"उशीर केलास," हेमकांत म्हणाला. "मी आत्ताच सांगून आलो."

"काय सांगितलं?"

"जे पाहिलं ते. बाहेरचं कोणी येत नाही. मी दारात उभा होतो, ते काय मागतात ते ऐकलं. त्यांनी माझ्या आईच्या हातांसाठी मागितलं. त्यात हरकत घेण्यासारखं मला काही सापडलं नाही."

"मग सर काय म्हणाले?" रविनाने विचारलं.

"हॉल मिळाला," हेमकांत म्हणाला. "शुक्रवारही चालू. फक्त ढोलकी तास संपल्यावर. आणि सर म्हणाले, तिथं खोकून मराल, ग्रंथालयामागे बसा."

"नको. आम्हाला चिंचच बरी."

"बरं. आणि बापूंनी विचारलंय, तुमचं काम कधी आहे. लाह बाकी आहे म्हणतात. दोन दिवस डोकं खाल्लंय माझं."

नाताळाच्या सुट्टीआधी कार्यक्रम ठरला. त्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. ट्रॉलीत वांगी, कपाशीच्या काड्या आणि काड्यांच्या भाऱ्यावर बसलेली धनुबाई. उखाबापूंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हॉलमध्ये खुर्च्या लावायला लागले. लावलेली ओळ त्यांना तिरपी वाटली की पोरांना पुन्हा उचलायला लावत.

रविनाची काकू कालीबाई डोंगरातून आली होती. कालीबाई अजून डोंगरातल्या देवांनाच मानते, चर्चमध्ये पाऊल टाकत नाही, पण पुतणीच्या कार्यक्रमात चुलीपाशी दुसरं कोणी बसलेलं तिला चालत नाही. वांग्याच्या भरतात मिरची किती घालायची यावरून तिचं आणि धनुबाईचं दुपारपर्यंत वाजलं. एकीला दुसरीची बोली निम्मीच कळत होती, त्यामुळे भांडण लवकर मिटेना. शेवटी दोन पातेली झाली. पोरांनी दोन्हींतलं खाल्लं आणि दोघींना सांगितलं, तुमचंच चांगलं.

हॉल भरला. डोंगरातली पोरं, गावातली पोरं, शिपाईमामा, मागच्या दारात सर. रविना या वेळी स्टेजवर गेली नाही. ती शेवटच्या ओळीत बसली, उखाबापूंच्या मागे. भरतने ढोलकीवर थाप मारली, आणि सुरुवातीची प्रार्थना करायला काजल पुढे आली. आपल्याच बोलीत सुरू झाली, मोठ्या आवाजात, ओढणीला हातही न लावता. रविनाचे डोळे मिटलेले होते, तरी तिला सगळं दिसत होतं.

"आमेन," हॉल म्हणाला.

उखाबापूंनी हेमकांतला कोपर मारलं. "ह्या टायमाले मिरचीनं नाव नई लिनं तिनं."

"विकली गेली ना बापू मिरची."

"तरी बी."

बापूंचा आवाज हळू नव्हता. तो स्टेजपर्यंत गेला. काजलने त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा डोळे मिटले आणि एक वाक्य अजून जोडलं. त्यातला एकच शब्द सगळ्या हॉलला कळला. हॉल हसला, आणि उखाबापू इतक्या मोठ्याने आमेन म्हणाले की भरतची ढोलकी एक ठेका चुकली.